भरतपूरला ‘गॅरंटी’ विकत घेऊ नका

दिल्ली-गुडगावात नोकरीला असलेल्या मराठी मंडळींचा हिवाळ्यातला ठरलेला बेत म्हणजे भरतपूर. शुक्रवारी रात्री निघायचं, रविवारी परत. पक्ष्यांसाठी सगळेच जातात. आम्हांला प्राणी पाहायचे होते. एका एजंटाने फोनवर छातीठोकपणे सांगितलं, "फिशिंग कॅट दिखा देंगे, गॅरंटी है." त्याने पैसेही आगाऊ घेतले.

आता जरा हिशेब पाहा. भरतपूरचं केवलादेव राष्ट्रीय उद्यान जेमतेम 29 चौरस किलोमीटरचं, त्याला भिंत आहे आणि दिवस मावळला की फाटक बंद होतं. फिशिंग कॅट मुख्यतः रात्री हिंडणारी. मग ही गॅरंटी कुठून येते? जेवणं झाल्यावर ते कळलं. जीप भिंतीबाहेरच्या मोहरीच्या शेतांत शिरली आणि ड्रायव्हरशेजारच्या पोराने सर्चलाइट पेटवला.

बांधावर एक मांजर उजेडात सापडलं आणि जागीच थिजलं. कान मागे पाडलेले, पोटाखालचे केस दवाने चिकटलेले. लांब पाय, अंगावर ठिपका नाही, शेपटीच्या टोकाकडे काळी वलयं. ते रानमांजर होतं. फिशिंग कॅट अंगाने दणकट, पायांनी आखूड, आणि तिच्या करड्या अंगावर ठिपक्यांच्या ओळी असतात. पोरगा मात्र "यही है, यही है" म्हणत झोत हलवायला तयार नव्हता. आम्ही दिवा बंद करायला लावला आणि जीप परत फिरवली. डोळ्यांवर असा झोत पडला की जनावराला काही क्षण काहीच सुचत नाही, शिकार हातची जाते, आणि बिथरलेली नीलगाय सरळ रस्त्यावर धावते. फिशिंग कॅट तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिच्या नावावर असले धंदे चालावेत याचा मला संताप येतो.

खरं भरतपूर आम्हांला दुसऱ्या दिवशी दिसलं. डिसेंबर-जानेवारीत तिथे धुकं इतकं दाट असतं की पहाटेच्या फेरीत पुढचं झाडही दिसत नाही. त्या दिवसांत उगाच कुडकुडत जाऊ नका. धुकं विरलं की निघा, आणि दुपारी तीनपासून फाटक बंद होईपर्यंतचा वेळ काहीही झालं तरी राखून ठेवा. सायकल रिक्षा घ्या. इथल्या रिक्षावाल्यांत बरेच सरदारजी आहेत आणि त्यांतल्या जुन्या माणसांना जनावरांच्या वाटा तोंडपाठ असतात. आमचे सरदारजी मध्येच ब्रेक लावून नुसती हनुवटी पुढे करायचे. त्यांनी दाखवलेली एक सांबर मादी पोटापर्यंत पाण्यात उभी होती. डोकं पाण्यात घालायची, वर काढायची, तोंडातून हिरवं शेवाळ लोंबत असायचं आणि कानांवरून पाणी निथळायचं. आम्ही बांधावर बसून राहिलो, तिने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उन्हं कलल्यावर बाभळींखालून एक कोल्हा आला आणि बदकांचा अंदाज घेत काठाकाठाने निघून गेला.

साळिंदराच्या बिळांपाशी मात्र जपून. हिवाळ्यात त्या बिळांत अजगरही मुक्काम करतात आणि दुपारी तोंडाशी ऊन खायला येतात. लोक फोटोसाठी पार बिळापर्यंत जातात. अजगर आत गेला की त्याचं ऊन बुडतं, आणि थंडीत त्याला त्या उबेची फार गरज असते. वाटेवरूनच पाहा, दुर्बिणीतून चांगलं दिसतं.

निघण्याआधी यंदा पाणी किती आहे ते विचारून घ्या. ही पाणथळ जागा माणसाने बांध घालून घडवलेली, तिला पाणी बाहेरून आणावं लागतं, आणि सगळी वर्षं सारखी नसतात.

बुकिंग करताना ‘नाइट सफारी’ किंवा ‘गॅरंटी’ हे शब्द कानावर आले, तर तिथेच नाही म्हणा. पैसे देऊन बसला असाल आणि जीपमध्ये सर्चलाइट निघाला, तर उतरा, गाडीचा नंबर लिहून घ्या आणि सकाळी वन विभागाकडे लेखी तक्रार द्या.