संदेश पुढे पाठविण्यापूर्वी

पिंपळे गुरवमधील सोसायटीचा असो वा चाकणच्या कारखान्यातील सहकाऱ्यांचा, एका व्हॉट्सॲप ग्रुपवरील मजकूर आपण क्षणात दुसऱ्या ग्रुपवर पाठवितो. त्याचा जाब कोण देणार?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. अशा अफवा तेव्हा मोबाइलवरूनच फिरत होत्या.

सूरह अल्-हुजुरातच्या सहाव्या आयतीत आज्ञा आहे की, अविश्वसनीय व्यक्तीने बातमी आणल्यास शहानिशा करावी. अन्यथा अजाणतेपणी कोणास इजा पोहोचेल आणि पश्चात्ताप हाती येईल. सूरह अन्-निसाच्या ८३व्या आयतीचा बोध असा की, भीतीची वार्ता पसरविण्याऐवजी जबाबदार व्यक्तींकडे न्यावी. ग्रुप अ‍ॅडमिनचे कर्तव्य येथूनच सुरू होते. ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे.

बैठकीतील बोलणेही अमानत आहे. ते विनापरवानगी दुसरीकडे नेऊ नका. खात्री नसेल तर बोट आवरा. चुकीचा संदेश गेलाच असेल, तर जिथे जिथे पाठविला तिथे तिथे चूक कबूल करा. सुधारणा हा तौबेचाच भाग आहे.