पेपर दोनचा, गेट दीडचं

अभ्यासाबद्दल मी तुला एक शब्द सांगणार नाही. ते सांगणारे घरात आहेत, क्लासमध्ये आहेत, गल्लीतही आहेत. मला बोलायचंय ते परीक्षेच्या दिवशी घराबाहेर पाय टाकल्यापासून जागेवर बसेपर्यंतच्या वेळेबद्दल. आपल्याकडे या वेळेचा हिशेब कोणी मांडत नाही. ‘पहाटे निघू, पोहोचून जाऊ’ एवढ्यावर सगळं सोडून देतात. मग दोन वर्षं जीव तोडून अभ्यास केलेली पोर जळगावजवळच्या बांभोरीच्या पुलावर अडकलेल्या एसटीत बसून घड्याळ बघत राहते. तुझ्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून आज हे सगळं सविस्तर सांगते.

घरात सगळे ‘दोनचा पेपर’ म्हणत असतील तर आधी ते बदलायला लाव. ‘दीडचं गेट’ म्हणा म्हणावं. नीटचा पेपर दुपारी दोनला सुरू होतो, पण गेट दीडला बंद होतं. त्यानंतर हात जोडले, रडलं, वडिलांनी ओळख सांगितली, तरी आत घेत नाहीत. जेईई मेनची सकाळची शिफ्ट नऊची, तर गेट साडेआठला बंद. सीईटी सेलच्या एमएचटी-सीईटीला नऊ ते बारा आणि दोन ते पाच अशा दोन शिफ्ट असतात, आणि मुलांना त्याच्या दीड तास आधीपासून बोलावलेलं असतं. तुझ्या हॉल तिकिटावर छापलेली वेळ तेवढी तुझी. मैत्रिणीच्या तिकिटावरची किंवा मागच्या वर्षी दादाला होती ती धरायची नाही. गेट बंद व्हायची वेळ मोठ्या अक्षरात कागदावर लिहून स्वयंपाकघरात लाव. आप्पा, आई, गाडी घेऊन येणारे काका, सगळ्यांच्या तोंडी ती एकच वेळ असू दे. आणि हिशेब गेटपासून मागे मोजत यायचा: गेट बंद व्हायच्या तासभर आधी मी दारात, त्याच्या अर्धा तास आधी सेंटरच्या चौकात, त्याआधी प्रवास, त्याआधी आंघोळ-जेवण. पुढून मोजायला गेलं की प्रत्येक जण स्वतःची पाच मिनिटं त्यात घालतो.

आता पत्ता. तिकिटावर ‘जळगाव’ लिहिलंय म्हणून जळगावच्या स्टँडवर उतरायचं, असं होत नाही. आपल्याकडची बरीच मोठी कॉलेजं गावाच्या कडेला, हायवेला लागून आहेत. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचंच बघ. धुळे, एरंडोल, पाळधीकडून येताना ते गिरणेच्या काठावर जळगावच्या आधीच लागतं. बांभोरीचं इंजिनिअरिंग कॉलेजही त्याच बाजूला. त्या भागात सेंटर आलं असेल तर स्टँडपर्यंत जाऊन रिक्षाने परत मागे येण्यात उगाच वेळ जातो, आणि गिरणेवरचा तो पूल दोनदा ओलांडावा लागतो. धुळ्यातही तसंच. शिरपूरकडून येणाऱ्या मुलीला पांझरेच्या अलीकडे देवपूर आधी लागतं. सेंटर देवपुरात असेल तर तिथेच उतरून जा, पुढच्या मोठ्या स्टँडवर जायचं काही कारण नाही. मात्र प्रत्येक गाडी तिथे थांबेलच असं नाही, म्हणून चढतानाच कंडक्टरला विचारून घे. एकेका संस्थेची एकाच गावात दोन-तीन कॉलेजं असतात, नावंही सारखी असतात. म्हणून तिकिटावरचा पूर्ण पत्ता, पिनकोडसकट, वाच. फोनवरचा नकाशा दाखवतो त्या दारातून आत सोडतीलच असंही नाही. शक्य असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी एकदा जाऊन ये. कोणतं गेट उघडं आहे, सावली कुठे आहे, समोर टपरी आहे की नुसता हायवे, हे डोळ्यांनी पाहिलेलं असलं की दुसऱ्या दिवशी पोटात गोळा येत नाही.

प्रवासाचं सांगते, कारण खरी अडचण इथेच आहे. सकाळी साडेसातला दारात उभं राहायचं असेल आणि तुझं गाव चोपडा, यावल, रावेर किंवा साक्रीच्या बाजूला असेल, तर गावातल्या मुक्कामी गाडीवर भरवसा ठेवू नकोस. ती सकाळी निघते, पण वाटेत प्रत्येक फाट्यावर थांबते. धुळ्याहून जळगावला सेंटर आलं तर साधारण ९० किलोमीटर आहेत. नकाशा दोन तासांच्या आत दाखवेल, तू अडीच-तीन धर. रेल्वेचंही जपून. जळगावसाठी चाळीसगाव, पाचोऱ्याच्या मुलींना आणि सुरत लाइनवरच्या अमळनेर, धरणगावच्या मुलींना गाडी सोयीची वाटते. पण मुंबईहून, गुजरातेतून किंवा उत्तरेकडून लांबून येणारी एक्स्प्रेस तुझ्या परीक्षेसाठी वेळेवर येणार आहे का? गाडी पकडायचीच असेल तर तिच्या आधीचीही एखादी असली पाहिजे.

शिवाय दिवस बघ. सीईटी एप्रिल-मेमध्ये येते, आणि तोच आपल्याकडे आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आणि लग्नसराईचा काळ. २०२४ मध्ये आखाजी १० मेला होती आणि पीसीएम ग्रुपची सीईटी २ ते १६ मेच्या दरम्यान चालू होती. सासुरवाशिणी माहेरी निघालेल्या, पिशव्या, लेकरं, उभं राहायला जागा नाही. एसटीच्या काही गाड्या वऱ्हाडाच्या प्रासंगिक करारावर गेलेल्या असतात, म्हणून रोजची गाडी त्या दिवशी येईलच असंही नाही. त्याच वर्षी १३ मेला जळगावचं लोकसभेचं मतदानही होतं. तर तारीख कळली की कॅलेंडरवर सण, बाजार, निवडणूक काय आहे ते आधी पाहून घे. काळी-पिवळी भरेपर्यंत निघत नाही, हे तुला मी नव्याने सांगायला नको.

म्हणून सकाळची शिफ्ट असेल तर आदल्या दिवशी मुक्कामाला जाच. जळगावात मावशी आहे, धुळ्यात आत्या आहे, नसेल तर आप्पांच्या ओळखीचं कोणीतरी निघतंच. खर्चाचं मनात आणू नकोस. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तू आणि आई दोघी एका तिकिटाच्या पैशात जाता. पण मुक्कामाचंही एक शास्त्र आहे. पाहुणी आली म्हणून मावशी शेवभाजी नाहीतर भरीत-पुरी करणार, गच्चीवर गाद्या टाकणार, रात्री बारापर्यंत गप्पा होणार, आणि शेजारच्या हळदीचा डीजे असतोच. तू आधी फोन करून सांग: ‘मावशी, त्या रात्री मला साधा वरण-भात दे, दहाला झोपू दे, आणि सकाळी बाथरूम मला पहिल्यांदा पाहिजे.’ हे बोलायला लाजू नकोस. मावशीला वाईट वाटणार नाही, उलट बरं वाटेल. नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं तेही विचार. आपल्या शहरांत पाणी रोज येत नाही, आणि नेमकं त्याच पहाटे आलं तर सगळं घर हंडे-बादल्या घेऊन उठलेलं असतं आणि तू दात घासायला रांगेत.

दुपारच्या शिफ्टला धोका उलटा. तिथे फार लवकर पोहोचणं हीच चूक होते. नऊलाच सेंटरवर नेऊन बसवतात, म्हणजे काळजी मिटली. पण एप्रिल-मेमध्ये जळगावचा पारा ४२-४४ अंशांवर असतो. बंद गेटच्या बाहेर, फुफाट्यात, तीन तास बसलेल्या मुलीचं डोकं पेपर सुरू व्हायच्या आधीच थकून गेलेलं असतं. गावात वेळेवर ये, पण उन्हाच्या वेळी ओळखीच्या घरी, मंगल कार्यालयाच्या व्हरांड्यात, देवळाच्या सभामंडपात, कुठेतरी गार जागी बस. गेटवर तुझ्या वेळेलाच जा. साडेदहा-अकराला पोळी-भाजी, दही-भात असं जेवून घे. रसवंतीचा बर्फ घातलेला उसाचा रस, रस्त्यावरचं गारेगार त्या दिवशी नको, कितीही जीव झाला तरी. उपवासाचा वार आला तर आईला मी समजावीन. त्या दिवशी रिकाम्या पोटी जायचं नाही.

आता एक गोष्ट अगदी तुझ्या-माझ्यातली. आपण मुली बाहेर निघालो की पाणी पीत नाही, कारण स्टँडवरच्या मुतारीत जाववत नाही. सकाळी सहापासून दुपारी बारापर्यंत घोटभर पाणी न पिता बसणाऱ्या मुली मी पाहते, आणि मग पेपरात डोकं ठणकतं. या उन्हात हे चालणार नाही. पाणी थोडं थोडं पीत राहा, आणि शेवटचं चांगलं बाथरूम कुठे मिळेल ते आधीच ठरव. मावशीचं घर, ओळखीचं दुकान, हायवेवरचा स्वच्छ पेट्रोल पंप, जे असेल ते. आत गेल्यावर पेपर सुरू व्हायच्या आधीही एकदा जाऊन ये. गेटमधून आत जाणं आणि पेपर सुटणं यात साडेचार तास जाऊ शकतात. पाळीची तारीख जवळ असेल तर आली नसली तरी तयारीने जा, आणि काही लागलं तर वर्गातल्या मॅडमना सरळ सांग. गोळी घेऊन पाळी पुढे ढकलायचा विचार असेल तर तो आदल्या रात्री मेडिकलमध्ये जाऊन करायचा नाही. आधी डॉक्टरांना विचारायचं, आणि मला फोन करायचा.

गेटवर जो वेळ जातो तो तपासणीत जातो. नीटला अर्ध्या बाह्या, साधी चप्पल, अंगावर काही धातू नको. कानातले तर निघतात, पण नाकातली चमकी निघत नाही. गेटवर साबण लावून चमकी ओढणाऱ्या आया आणि रडणाऱ्या पोरी बघवत नाहीत गं. ती दोन दिवस आधी सोनाराकडून सैल करून घे, आणि भोक बुजेल म्हणून आजी ओरडली तर ओरडू दे. बुरखा किंवा अंगभर पोशाख असणाऱ्या मैत्रिणींना थोडं आधी जायला सांग, म्हणजे बायकांकडून आडोशाला नीट तपासणी होते, घाई होत नाही.

कागदांत हॉल तिकिटाची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र. दोन्हींवरचं नाव सारखं आहे ना, ते तिकीट हातात आल्याच्या दिवशीच बघ. आधारवर वडिलांचं नाव नाही, तिकिटावर आहे, आडनावाचं स्पेलिंग वेगळं आहे, असं आपल्याकडे घरोघरी असतं. सीईटीला रेशन कार्ड ओळखपत्र म्हणून चालत नाही, आणि शिकाऊ लायसनही चालत नाही. झेरॉक्सवाला पहाटे सहाला दुकान उघडत नाही, म्हणून दोन प्रती जास्तीच्या काढून एक आईच्या पिशवीत ठेव.

आतल्या वेळेचं एवढंच. पीसीएम ग्रुपच्या सीईटीत पहिल्या दीड तासात फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, मग तो भाग आपोआप बंद होतो आणि गणिताचे ५० प्रश्न पुढच्या दीड तासात येतात. आधीचा वेळ वाचवून गणिताला नेता येत नाही. त्यामुळे पहिल्या भागात पाच मिनिटं उरली तर शांतपणे तपासत बस. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नीटला मात्र गुण कापतात, तिथे हे करायला जाऊ नकोस. दोन परीक्षांचे नियम डोक्यात एकमेकांत मिसळतात, त्यासाठी परीक्षेच्या आदल्या रात्री फक्त त्याच परीक्षेचे नियम वाच.

फोन आत नेता येत नाही, मग सुटल्यावर भेटायचं कुठे? शेकडो मुलं एकदम बाहेर पडतात. आप्पा कोणत्या झाडाखाली, कोणत्या दुकानासमोर उभे राहणार ते सकाळीच ठरवा, आणि त्यांनी तिथून हलायचं नाही. आप्पांचा नंबर तुला पाठ पाहिजे. ‘पेपर कसा गेला’ हे त्यांनी लगेच विचारायचं नाही, हेही आईकडून त्यांना सांगून ठेव. आधी पाणी, मग खायला. आणि दुसऱ्या शिफ्टचा पेपर सोपा होता असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून दे. प्रत्येक शिफ्टचे पर्सेंटाइल वेगळे काढतात.

हॉल तिकीट घरी येऊन फेकायचं नाही. २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या सीईटीच्या एका शिफ्टमध्ये गणिताच्या २१ प्रश्नांत चुका निघाल्या आणि त्या शिफ्टच्या मुलांची परीक्षा ५ मेला परत घ्यावी लागली. त्यातली काही मुलं तोवर आखाजीला मामाच्या गावी गेली असतील, फोन बंद ठेवून. म्हणून अर्जात दिलेला नंबर आणि ईमेल ॲडमिशन होईपर्यंत चालू ठेव, दोन दिवसांतून एकदा सीईटी सेलची सूचना बघ, आणि तिकीट बारावीच्या मार्कशीटच्या फाइलमध्येच लावून ठेव.