मातीच्या सैन्यासाठी अर्धा दिवस: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

चीनमधल्या शिआन शहराजवळच्या टेराकोटा आर्मीचं तिकीट 120 युआन आहे. बँकेची वटणावळ धरून युआनमागे 13 रुपये मोजले, तर माणशी साधारण 1,560 रुपये. हा दर ठरलेला आहे, त्यात घासाघीस नाही. पण याच अर्ध्या दिवसासाठी एकाचे चार हजार रुपये होतात आणि दुसऱ्याचे बारा हजार. बारा हजारवाला जास्त पाहून येतो, असं मात्र मुळीच नाही. फरक पडतो तो गाडी, गाइड आणि मधल्या दलालीत. माझं मत आधीच सांगून टाकतो: गाडीवर वाचवा, गाइडवर खर्च करा.

याचं कारण त्या जागेतच आहे. 1974च्या मार्चमध्ये लिनतोंग भागातले शेतकरी विहीर खणत होते, तेव्हा भाजलेल्या मातीचे तुकडे वर आले. पुढे उत्खनन झालं आणि 1979च्या 1 ऑक्टोबरला तिथेच, जमिनीवरच छप्पर घालून संग्रहालय उघडलं. म्हणजे इथल्या वस्तू उचलून शहरात आणून मांडलेल्या नाहीत. मातीचे सैनिक जिथे पुरले गेले तिथेच उभे आहेत आणि आपण कडेच्या कठड्यावरून खाली पाहतो. जागेवर पाट्या आहेत, पण मोजक्या आणि त्रोटक. सांगणारं कोणी सोबत नसेल तर माणूस गर्दीत वाट काढत कठड्याशी पोचतो, दहा फोटो काढतो आणि वीस मिनिटांत ‘झालं बघून’ म्हणत बाहेर पडतो. इतक्या लांब येऊन असं होणं फार वाईट.

आता खर्चाकडे येऊ. पहिला टप्पा शिआन शहरातून तिथे पोचण्याचा. अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटर. सगळ्यात स्वस्त मार्ग मेट्रोचा. लाइन 1ने फांगचिछंग या स्टेशनला जायचं, तिथे लाइन 9 पकडून ह्वाछिंगछ स्टेशनला उतरायचं आणि बाहेरून 602 क्रमांकाच्या बसने संग्रहालयाच्या दारात. हे सगळं मिळून एका बाजूला पंधरा युआनच्या आत बसतं, म्हणजे दोनशे रुपयेही नाहीत. वेळ मात्र दीड तास धरा. अॅपवरून बोलावलेली टॅक्सी एका बाजूला शंभर ते दीडशे युआन घेते आणि तासाभरात पोचवते. चौघं असाल तर टॅक्सी परवडते. एकटे किंवा दोघं असाल तर मेट्रोच बरी. अर्ध्या दिवसासाठी चालकासह गाडी ठरवली तर चारशे ते सहाशे युआन बाजूला ठेवा. सोबत आजी-आजोबा असतील किंवा परतीची वेळ बांधलेली असेल, तर हा खर्च सार्थकी लागतो. नाहीतर तीन तास पार्किंगमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीचे पैसे आपण भरतो, दुसरं काही नाही.

एक सावधगिरी इथेच सांगतो. शिआन रेल्वे स्टेशनच्या बाहेर पर्यटक बसचा क्रमांक दाखवून भलत्याच खासगी गाडीत बसवणारे लोक भेटतात. अशी गाडी वाटेत कुठल्या तरी नकली ‘सैन्या’समोर थांबते, तिथे वेगळं तिकीट काढायला लावतात आणि खऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत दुपार होते. गाडीत चढण्यापूर्वी कोणी तुमच्या मागे लागून बोलावत असेल, तर ती गाडी सोडून द्या.

तिकीट नावानिशी आणि पासपोर्ट क्रमांकावर आगाऊ काढावं लागतं. रोजच्या प्रवेशसंख्येला मर्यादा आहे, त्यामुळे दारावर जाऊन घेऊ, हा भरवसा ठेवू नका. आत जाताना मूळ पासपोर्ट लागतो, झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. मुलांना आणि ज्येष्ठांना सवलत आहे, पण सवलत असली तरी त्यांचंही नाव आणि पासपोर्ट क्रमांक नोंदवावाच लागतो. घरातल्या लहानग्याचा पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत राहिला, की सगळं कुटुंब दाराशी अडकतं.

गाइड तीन तऱ्हांनी मिळतो. पहिली तऱ्हा, प्रवेशद्वाराजवळ परवानाधारक गाइड ठरवणं. इंग्रजी बोलणारा गाइड एका छोट्या गटासाठी दोनशे ते चारशे युआनच्या दरम्यान मिळतो, आणि हे पैसे गटाचे असतात, डोक्यामागे नाहीत. म्हणजे चौघांनी मिळून घेतला तर माणशी शंभर युआनच्या आत काम होतं. गळ्यातलं ओळखपत्र पाहा, किती वेळ देणार आणि कुठे कुठे नेणार हे आधी ठरवा आणि मगच आत शिरा. दुसरी तऱ्हा, ऑनलाइन मिळणारी सामायिक सहल: दहा-पंधरा जण, एक बस, एक गाइड, कानात हेडफोन. तिकिटासह माणशी साधारण साडेतीनशे ते पाचशे युआन. तिसरी, फक्त तुमच्यासाठीची सहल, हॉटेलपासून हॉटेलपर्यंत. दोघंच असाल तर माणशी सातशे ते हजार युआन सहज होतात.

नवरा-बायको अशा दोघांचा हिशेब मांडून पाहा. दोन तिकिटं 240 युआन, मेट्रो-बसने जाऊन-येऊन साठच्या आत, दारावरचा गाइड तीनशे. झाले सहाशे युआन, म्हणजे 7,800 रुपये. त्याच दोघांनी सामायिक सहल घेतली तर आठशे युआन, 10,400 रुपये. खासगी सहल चौदाशेच्या पुढे, म्हणजे अठरा हजारांच्या वर. पहिल्या हिशेबात गाइड फक्त तुमचा आहे, दुसऱ्यात तो पंधरा जणांचा आहे. म्हणूनच मी पहिल्याच्या बाजूने आहे. मात्र एकट्याने प्रवास करणाऱ्याला सामायिक सहल सोयीची पडते, कारण गाइडचा पूर्ण भार एकट्यावर येत नाही.

सामायिक सहली फार स्वस्त दिसायला लागल्या की थांबा. माणशी दीडशे-दोनशे युआनमध्ये तिकीट, बस आणि गाइड हे गणित कुठेच बसत नाही. उरलेले पैसे दुकानातून वसूल होतात. ‘टेराकोटा कारखान्याला भेट’, ‘जेड संग्रहालय’, ‘रेशीम केंद्र’ अशी नावं कार्यक्रमात दिसली की समजायचं, की अर्ध्या दिवसातला तास-दीड तास तिथे जाणार आणि गाइडचं कमिशन तिथून येणार. पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या: प्रवेशतिकीट दरात धरलंय का? गाइड आत येणार की बाहेर थांबणार? दुकानाचा थांबा आहे का? गटात जास्तीत जास्त किती जण? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, लीशान उद्यानात नेणार का?

हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, कारण त्यांना ते माहीतच नसतं. 120 युआनच्या तिकिटात दोन जागा आहेत. एक, सैनिकांचे तीन खड्डे, ज्यांना तिथे सगळे पिट म्हणतात. दुसरी, दोनेक किलोमीटर पश्चिमेला असलेलं लीशान उद्यान, म्हणजे ज्या सम्राटासाठी हे सैन्य घडवलं त्या चिन शी ह्वांगच्या समाधीचा परिसर. मधली बसही तिकिटातच आहे. या उद्यानात 2021पासून ब्राँझच्या रथांचं स्वतंत्र संग्रहालय आहे. 1980मध्ये समाधीच्या टेकाडाजवळ सापडलेले हे दोन रथ खऱ्या रथाच्या निम्म्या आकाराचे आहेत, प्रत्येकाला चार घोडे, आणि एकेका रथात तीन हजारांहून जास्त सुटे भाग. घोड्यांच्या गळ्यातल्या पट्ट्यांचे सोन्या-चांदीचे बारीक तुकडे, मागच्या रथाची सरकती खिडकी, पुढच्या रथावरची छत्री, हे पाहिल्याशिवाय परत येणं म्हणजे भरलेल्या पैशातला अर्धा भाग तिथेच सोडून येणं. तरीही अनेक अर्ध्या दिवसांच्या सहली तास वाचवण्यासाठी हा भाग गाळतात. 

खुद्द समाधी कोणी उघडलेली नाही, तेव्हा उद्यानात झाडांनी झाकलेलं टेकाडच दिसतं. आत पाऱ्याच्या नद्या केल्या होत्या, असं इतिहासकार सिमा छ्येनने समाधीनंतर शंभरेक वर्षांनी लिहून ठेवलं, आणि आधुनिक तपासणीत तिथल्या मातीत पाऱ्याचं प्रमाण खरोखरच जास्त आढळलं.

आता पिटमध्ये गाइडकडून काय वसूल करून घ्यायचं ते पाहू. सकाळी साडेआठच्या सुमारास दार उघडतं, तेव्हा थेट पिट 1ला चला. लहानाकडून मोठ्याकडे म्हणून 3, 2, 1 असा क्रम काही गाइड सुचवतात, पण दहा वाजले की पिट 1च्या कठड्याशी तीन-चार रांगा लागतात, म्हणून मला आधी मोठा पिटच योग्य वाटतो. हे दालन 230 मीटर लांब आणि 62 मीटर रुंद आहे. सुमारे सहा हजार सैनिक आणि घोडे इथे असावेत असा अंदाज आहे आणि त्यातले बरेच अजून मातीखालीच आहेत. पुढच्या कोपऱ्यात शेतकऱ्यांनी खणलेल्या विहिरीची जागा दाखवलेली आहे, ती विचारून पाहा. सैनिकांच्या रांगांमधल्या मातीच्या भिंतींवर लाटांसारखे खोलगट पट्टे दिसतील. छपराच्या लाकडी तुळया तिथे बसलेल्या होत्या, त्या जळून-कुजून गेल्या आणि माती त्यांच्या आकाराने दबली. सैनिकांच्या मुठी अर्धवट वळलेल्या पण रिकाम्या का, तर हातातल्या भाल्यांचे लाकडी दांडे उरले नाहीत.

मग पिटच्या मागच्या टोकाला जा. बहुतेक गट पुढूनच परततात, पण खरं काम मागे चालतं. तिथे जोडणी चालू असलेले सैनिक उभे असतात: कोणाला डोकं नाही, कोणाचा हात वेगळा ठेवलेला, अंगावर प्लॅस्टिक गुंडाळलेलं, क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावलेल्या. जमिनीतून निघाले तेव्हा जवळपास सगळे फुटलेले होते आणि तुकडा तुकडा जुळवून उभे केले, हे गाइड सांगतो तेव्हा पुढच्या रांगा वेगळ्या दिसू लागतात. हे सैनिक मुळात रंगवलेले होते. मातीवर आधी लाखेसारख्या रोगणाचा थर, त्यावर रंग. बाहेरच्या कोरड्या हवेत तो थर काही मिनिटांत आकसून सुटायचा आणि रंग सोबत घेऊन जायचा. उरलेलं उत्खनन घाईने न करण्यामागे हेही एक कारण आहे.

पिट 3 लहान आहे, तिथे 68 सैनिक, आणि ते सेनेचं मुख्यालय असावं असं मानतात. पाच-दहा मिनिटं पुरतात. पिट 2 बराचसा झाकलेला असल्याने लोक कंटाळतात, पण त्याच दालनात काचेच्या पेट्यांमध्ये काही सैनिक अगदी हाताच्या अंतरावर ठेवलेले आहेत. गुडघा टेकलेल्या तिरंदाजाच्या मागे जाऊन त्याच्या बुटाचा तळ पाहा. कापडी तळाला घातलेले टाके मातीत एकेक उमटवलेत, चवड्याला आणि टाचेला दाट, मधे विरळ. इसवीसनपूर्व 221 साली चीन एका सत्तेखाली आणणाऱ्या सम्राटाच्या कारागिराने, जमिनीखाली पुरून टाकायच्या बुटाच्या तळव्यावर इतकी मेहनत घेतली आहे. बसलेला असल्याने उंची कमी, म्हणून छत कोसळलं तेव्हा हे तिरंदाज उभ्या सैनिकांपेक्षा कमी फुटले. त्या पेटीभोवती गाइडला पाच मिनिटं थांबवा, घाई करू देऊ नका.

पिटसाठी अडीच तास, उद्यानासाठी दीड तास, येण्या-जाण्यात अडीच-तीन तास. म्हणजे ‘अर्धा दिवस’ हा प्रत्यक्षात साडेसहा ते सात तासांचा असतो. सकाळी सातला हॉटेल सोडलं तर दुपारी दोनपर्यंत परत. चालणं पाच-सहा किलोमीटर होतं. पार्किंगपासून दारापर्यंत पैसे घेणारी बॅटरीवरची गाडी मिळते, गुडघे दुखणाऱ्यांनी जरूर घ्यावी. 1 मे आणि 1 ऑक्टोबरच्या सुट्ट्या आणि चिनी नववर्षाचे दिवस टाळा. त्या आठवड्यांत गाइडचे दरही चढतात आणि कठडाही दिसत नाही.

पैसे देण्यासाठी घरून निघण्यापूर्वीच अलीपे किंवा वीचॅट पे मोबाइलमध्ये घेऊन आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून ठेवा. दोनशे युआनच्या आतल्या रकमेवर ही अॅप परदेशी कार्डाला जादा शुल्क लावत नाहीत, त्याहून मोठ्या रकमेवर तीन टक्के लागतात. म्हणून गाइडचे तीनशे युआन शक्य असल्यास रोख द्या. यूपीआयवर विसंबून राहू नका. गूगल मॅप आणि व्हॉट्सअॅप तिथल्या स्थानिक सिमवर चालत नाहीत, भारतातलं रोमिंग घेतलं असेल तर चालतात. टिप देण्याची तिथे रीत नाही.

बाहेर पडण्याच्या वाटेवर दुकानांची लांब रांग लागते. छोट्या सैनिकांचे संच पहिल्या दुकानात सांगितलेल्या दराच्या निम्म्याहून कमी किमतीत शेवटच्या दुकानांत मिळतात. जेवणही इथे महाग आणि बेताचं. शहरात परतून बियांगबियांग नूडल्सचा वाडगा वीस-तीस युआनमध्ये खा. शाकाहारी मंडळींनी ल्यांगफी मागावी, म्हणजे तिखट तेल आणि व्हिनेगर घातलेल्या थंड पट्ट्या; मांस आणि मांसाचा रस्सा नको, एवढं वाक्य गाइडकडून चिनीत मोबाइलवर लिहून घ्या, ते पुढे सगळ्या प्रवासात उपयोगी पडतं.

दुपार मोकळी राहिली तर मेट्रोच्या लाइन 3 किंवा 4ने ‘तायेनथा’ स्टेशनला उतरा. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात महाराष्ट्रातल्या लोकांचं वर्णन करणारा जो युआन श्वांग भेटतो, त्याने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी 652मध्ये बांधलेला मनोरा तिथे उभा आहे. त्यावर चढायचं तिकीट वेगळं काढावं लागतं.