तातडीचा फोन



"अहो, पटकन फोन लावा!" हे वाक्य आपण घरात कितीदा तरी ऐकतो. दार लावतात, दिवा लावतात, झाड लावतात, तसा फोनही 'लावतात'. एके काळी हे खरोखरच हाताने जोडून देण्याचे काम होते, आणि ते पटकन होत नसे.

१९८७ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा लहान होतो. कोकणातल्या आमच्या गावी आजोबा एकाएकी अत्यवस्थ झाले. काका मुंबईला. गावात फोन नव्हता. बाबा आम्हाला घेऊन तालुक्याच्या गावी पोस्टात गेले. आधी तार केली. तारेत शब्दांवर पैसे पडत, म्हणून मजकूर चारच शब्दांचा: 'फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली'. मग ट्रंककॉल बुक केला. काकांकडे फोन नव्हता, शेजाऱ्यांचा नंबर होता. ट्रंककॉल तीन प्रकारचे असत: ऑर्डिनरी, अर्जंट आणि सर्वांत महागडा लाइटनिंग. बाबांनी अर्जंट सांगितला आणि आम्ही बाकावर बसलो.

तास गेला, दोन तास गेले. बाबा पुन्हा पुन्हा खिडकीशी जाऊन विचारत, "लागला का हो?" आतून उत्तर येई, "लाईन बिझी आहे." तीन तासांनी फोन लागला. पलीकडून शेजारी "कोण? मोठ्याने बोला!" म्हणत राहिले. बाबांनी ओरडून निरोप सांगितला, तेवढ्यात तीन मिनिटे संपली. रात्रीची शेवटची एस.टी. काकांना थोडक्यात चुकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पोचले, तेव्हा आजोबा गेलेले होते. बाबांनी कोणाला बोल लावला नाही. मात्र लाइटनिंग का सांगितला नाही, हे ते पुढे कितीतरी वर्षे म्हणत.

आम्हाला त्या खिडकीतल्या माणसाचा फार राग आला होता. पुढे इंजिनिअरिंग शिकताना खरे कारण कळले. दोन गावांमध्ये मोजक्याच ट्रंक लाईन असत आणि एका लाईनवर एका वेळी एकच संभाषण चाले. मध्ये दोन-तीन एक्स्चेंज असतील, तर प्रत्येक टप्प्याची लाईन एकाच वेळी मोकळी मिळावी लागे. मग ऑपरेटर हाताने जोडणी करून देई. माणूस कितीही चपळ असला तरी रस्ताच अरुंद होता. ऑपरेटरशिवाय थेट परगावी फोन लावण्याची सोय, म्हणजे एस.टी.डी., भारतात १९६० साली कानपूर-लखनौ मार्गावर सुरू झाली होती. सत्तावीस वर्षांनंतरही ती आमच्या तालुक्यात आली नव्हती. तारसेवा मात्र टिकून राहिली आणि जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

आता आपल्या न्यूझीलंडकडे येऊ. १८ नोव्हेंबर १९४७ रोजी क्राइस्टचर्चमधील बॅलंटाइन्स या दुकानाला आग लागून ४१ जण दगावले. त्यानंतर अग्निशमन व्यवस्थेत सुधारणा सुरू झाल्या आणि संकटसमयी सर्वांना आठवेल असा एकच नंबर हवा, ही मागणी पुढे आली. सप्टेंबर १९५८ मध्ये मास्टरटन व कार्टरटन येथे १११ सुरू झाला.

१११ च का? लंडनमध्ये १९३७ पासून ९९९ होता आणि इथली यंत्रसामग्री ब्रिटिश धर्तीची होती. गंमत अशी, की न्यूझीलंडच्या फोनची तबकडी उलटी होती. भारतात किंवा ब्रिटनमध्ये १ फिरवला की एक्स्चेंजकडे एक ठोका जाई आणि ९ फिरवला की नऊ. इथे १ फिरवला की नऊ ठोके जात आणि ९ फिरवला की एक. म्हणजे इथला १११ हा यंत्राच्या दृष्टीने ९९९ च! सेकंदाला सुमारे दहा ठोके, म्हणजे सत्तावीस ठोक्यांना जवळजवळ तीन सेकंद. शिवाय प्रत्येक वेळी तबकडी जवळपास पूर्ण फिरवायची. घर पेटलेले असताना हे तीन सेकंद किती मोठे वाटत असतील! पण त्या संथपणाचा एक उपयोगही होता. वाऱ्याने तारा एकमेकींना लागल्या तर एखादा ठोका आपोआप जाऊ शकतो. नऊ-नऊ ठोके तीनदा चुकून जाणे अवघड.

आज आपण खिशातून फोन काढतो आणि क्षणात आईशी बोलतो. मग काळजी संपली का? जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधूनच मिळे, म्हणून घरातली वीज गेली तरी साधा फोन चाले. फायबरच्या फोनला घरची वीज लागते. ती गेली की फोन मुका. फेब्रुवारी २०२३ च्या गॅब्रिएल वादळात हॉक्स बे आणि गिस्बर्न भागात विजेबरोबर मोबाईलही बंद पडले होते. यासाठी न्यूझीलंडमध्ये २०२१ पासून नियम आहे: आजारपणामुळे, अपंगत्वामुळे किंवा सुरक्षिततेच्या कारणाने १११ ची गरज पडू शकते आणि वीज गेल्यावर तो लावायला दुसरे साधन नाही, अशा ग्राहकाने मागणी केल्यास फोन कंपनीने किमान आठ तास चालेल असे साधन विनामूल्य द्यायचे. भारतातून आलेले आजी-आजोबा दिवसभर घरी एकटे असतात. पालकहो, हे आजच तपासून पाहा.

शब्दार्थ
अत्यवस्थ – प्रकृती फार गंभीर असलेला
बोल लावणे – दोष देणे
तबकडी – फोनची फिरवायची गोल चकती
मुका – बोलू न शकणारा. येथे, बंद पडलेला

स्वाध्याय
१. न्यूझीलंडच्या जुन्या फोनवर ३ फिरवला तर किती ठोके जातील?
२. भारतात आणि इथे सारखेच ठोके देणारे आकडे कोणते? (० ला दोन्हीकडे दहा ठोके. आणखी एक शोधा.)
३. आजी-आजोबांना विचारा: तुमच्या घरी शेवटची तार कधी आली होती? त्यांचे उत्तर पाच ओळींत लिहून आणा.
४. आई-बाबांचा फोन नंबर न पाहता मराठीत म्हणून दाखवा. वीज गेली की तो पाठच लागतो.