काचबिंदूचे थेंब : लाल डोळा, कडू घसा आणि चार बाजार



मागच्या अंकानंतर आपल्या एका देणगीदार भगिनींनी विचारले, "मोतीबिंदूच्या एका ऑपरेशनचा खर्च दिला की माणूस पाहू लागतो. मग काचबिंदूच्या रुग्णाला दर महिन्याला बाटली कशासाठी? तो बरा कधी होणार?" प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यभर नर्सचे काम केले आणि गेली अकरा वर्षे स्वतःच्या डोळ्यांत काचबिंदूचे थेंब घालते आहे. म्हणून उत्तर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

तो बरा होत नाही, हे आधीच सांगते. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते. ते काढून दुसरे बसवता येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते, बहुतेकदा डोळ्यातील दाब वाढल्यामुळे. मेलेली नस परत जिवंत होत नाही. थेंब दाब उतरवतात आणि उरलेली नस राखतात. लेसर किंवा ऑपरेशन काहींना करावे लागते, पण त्यांचेही काम दाब उतरवणे हेच. दाब साधारणपणे १० ते २१ च्या दरम्यान असतो. मात्र काहींची नस त्या दाबालाही टिकत नाही, म्हणून कोणाचा दाब किती खाली आणायचा हे डॉक्टर तपासून ठरवतात.

खरी अडचण पुढेच आहे. काचबिंदूत बहुधा दुखत नाही. आधी कडेची नजर जाते, समोरचे नीट दिसत राहते. मला गीतपुस्तकातील बारीक अक्षरे वाचता येत होती, पण डाव्या बाजूने येणारी सायकल दिसत नव्हती. मी सायकलवाल्यालाच बोलले! अशा माणसाला आपण थेंब देतो. थेंबांनी दिसणे तसूभरही वाढत नाही. उलट डोळा चुरचुरतो, लाल होतो. मग माणूस थेंब सोडतो. त्याच्या हिशेबाने तो शहाणपणच करत असतो.

जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरचे आजोबा आम्हांला तपासणीत सापडले, तेव्हा त्यांचा उजवा डोळा गेलेलाच होता. डावा वाचवायचा होता. रोज रात्री एक थेंब घालायला सांगून बाटल्या दिल्या आणि आम्ही परतलो. मग पावसाळा लागला. पुन्हा गेलो तेव्हा पहिलीच बाटली जवळजवळ भरलेली, छपराच्या कुडात खोचलेली. आजोबा म्हणाले, "सिस्टर, औषधानं दिसायला काय वाढलं नाय. डोळा मात्र लाल झाला. वाईट औषध म्हणून ठेवून दिलं." दाब पुन्हा चढला होता. त्या महिन्यांत जी नजर गेली ती गेली. डोळा लाल होईल हे आम्ही त्यांना सांगितलेच नव्हते. चूक आमची होती, आणि त्यातही बोलायचे काम माझे होते.

तेव्हापासून बाटली हातात देण्याआधी मी त्रास सांगते. रात्री एकदा घालायचे जे थेंब असतात, लॅटॅनोप्रॉस्टसारखे, त्यांनी डोळा लाल होऊ शकतो. बऱ्याच जणांचा लालपणा पुढे कमी होतो. पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात (माझी नात त्याचा हेवा करते), डोळ्याभोवतीची कातडी काळवंडते. याला भिऊन थेंब सोडू नयेत. डॉर्झोलामाइडने झोंबते आणि तोंड कडू होते. ब्रिमोनिडीनने तोंडाला कोरड पडते, गुंगी येते, आणि काहींना काही महिन्यांनी ॲलर्जी होऊन डोळे खाजतात, पापण्या सुजतात. अशा वेळी डॉक्टर औषध बदलून देतात. पर्याय बरेच आहेत. हे ब्रिमोनिडीन तान्ह्या मुलांच्या पोटात किंवा डोळ्यात गेले तर जिवावर बेतू शकते, म्हणून बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नये.

एका औषधाबद्दल मात्र मी कडक बोलते, ते म्हणजे टिमोलॉल. स्वस्त, जुने, चांगले औषध. मलाही तेच दिले होते. लहानपणी मला दमा होता. डॉक्टरांनी "आणखी काही आजार?" असे विचारले, तेव्हा मी "नाही" म्हटले. डोळ्याचा आणि छातीचा काय संबंध? नर्स असून मी असा विचार केला. तीन आठवड्यांत जिना चढताना धाप लागू लागली, रात्री छातीत शिट्टी वाजू लागली. वयाने होत असेल म्हणून मी गप्प राहिले. शेवटी बाटलीवरचे नाव पाहून एका सहकारी परिचारिकेनेच मला ओढत नेले. टिमोलॉलने दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळतात आणि नाडी मंदावते. दमा असेल, नाडी आधीच मंद असेल किंवा हृदयाचा विकार असेल तर ते पहिल्या दिवशीच सांगावे. धाप लागली, चक्कर आली तर पुढचा थेंब घालण्याआधी, त्याच दिवशी, डॉक्टरांना गाठावे. दोन औषधे एकत्र असलेल्या बाटल्यांतही अनेकदा टिमोलॉल असते, तेव्हा लेबल वाचून घ्यावे.

डोळ्यातला थेंब छातीपर्यंत जातो कसा? डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक बारीक नळी असते. रडताना नाक वाहते ते तिच्यामुळेच. थेंब त्या नळीने नाकात, घशात उतरतो आणि तिथून रक्तात. घसा कडू लागला की समजावे, औषध खाली गेले. उपाय बिनपैशाचा आहे. हात धुवावेत, मान मागे करून खालची पापणी ओढावी, तिथे झालेल्या खोबणीत एकच थेंब सोडावा. बाटलीचे तोंड कुठेही टेकू नये. मग डोळा अलगद मिटून नाकाजवळचा तो कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा. डोळ्यात एका थेंबाइतकीही जागा नसते. दुसरा थेंब गालावर ओघळतो आणि बाटली लवकर संपते. दुसरे औषध असेल तर मध्ये निदान पाच मिनिटे जाऊ द्यावीत. हात कापत असेल तर निजून घालावे, किंवा दुसऱ्याकडून घालून घ्यावे.

मी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर लगेच थेंब घालते, म्हणून विसरत नाही. आणि मंडळीतील चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू आहे त्यांनी, डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्यावी. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली असे नाही. डोळे आले म्हणून दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालणारेही आपल्यात आहेत. त्यानेही दाब चढतो.

आजोबांच्या घरी आता थेंब सूनबाई घालतात. बाटली माठाच्या बाजूला, सावलीत, झाकणाच्या कोरड्या डब्यात असते. बहुतेक बाटल्या उघडल्यापासून चार आठवड्यांनी टाकून द्यायच्या असतात. सूनबाईंना तारीख वाचता येत नाही, तेव्हा ती लक्षात कशी ठेवायची हा प्रश्न होता. तो त्यांनीच सोडवला. नवी बाटली उघडली की दर आठवडी बाजाराला भिंतीवर कोळशाची एक रेघ. चार रेघा झाल्या की बाटली बाद. मागच्या खेपेला मी गेले तेव्हा तीन रेघा होत्या, आणि नवी बाटली मी सोबत नेली होती.