कुपन जमवताना

कळंब, ता. कर्जत

चि. अनिकेत यास,


दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दुकानदारांनी सुट्या नाण्यांऐवजी काढलेली कुपनं तू जमवतोस, हे कळून फार आनंद झाला. आता हे काम नेमाने कर.

आधी तो काळ समजून घे. १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी सुमारे ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली. लोकांनी नाणी दाबून ठेवली, धातू युद्धाकडे वळला आणि १९४२-४३ मध्ये बाजारात मोड मिळेनाशी झाली. १९४३ चा भोकाचा पैसा हातात घेऊन बघ. वजन जेमतेम दोन ग्रॅम, जुन्या पैशाच्या निम्म्याहून कमी. मोरवी, नवानगर, जुनागढ या संस्थानांनी तर पुठ्ठ्याची, कागदाची कॅश कुपनं काढली. खासगी माणसाला पैसा म्हणून चालवायला धातूचे तुकडे पाडण्याची १८८९ च्या कायद्याने बंदी होती. म्हणून दुकानदारांचाही आधार कागदच.

सरकारी नाण्यामागे सरकार असतं. कुपनामागे असते एका दुकानदाराची पत, तीही चार गल्ल्यांपुरती. म्हणून कुपन कुठल्या दुकानाचं, किती आण्यांचं, कुणाच्या घरी सापडलं, हे त्याच दिवशी पाकिटावर पेन्सिलने लिही. शिक्का, सही, अनुक्रमांक तपास. जुन्या दुकानाची खतावणी बघायला मिळाली, तर दुकानदाराने कुपनांचा हिशेब कसा ठेवला तेही टिपून घे. गिरणीच्या कँटीनचे बिल्ले यात मिसळू नकोस, तो विषय वेगळा. कागदाला चिकटपट्टी लावू नकोस, लॅमिनेशन तर मुळीच नको. आणि एखाद्या आजींनी डबा उघडून दाखवला, तर वस्तूची खरी किंमत त्यांना आधी सांग, मगच मागणी कर.

२ जानेवारी १९४३ ला स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल सिद्धगडावर हुतात्मा झाले, हे आपल्या तालुक्यात पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्याच दिवसांत आण्याचं मीठ-तेल घेणाऱ्या बाईने सुटे कुठून आणले, हे मात्र सहसा कुणी लिहून ठेवलं नाही. ते तू लिही. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या पुढे आहे. लिलावातली कुपनं पुढच्या वर्षीही मिळतील, पण ही माणसं थांबणार नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन ये. कळंब-नेरळमधल्या म्हाताऱ्या माणसांकडे आपण दोघं जाऊ.

तुझी,
आत्या