रविवारची उपासना तीच ती का?

अगं, परवा फोनवर म्हणालीस ना, "ताई, आपल्या चर्चमध्ये दर रविवारी तेच. पापांगीकार, शास्त्रपाठ, मतांगीकार, प्रभूची प्रार्थना. मैत्रिणीच्या फेलोशिपमध्ये बघ, गिटार, ड्रम, जो तो मनापासून बोलतो." त्यांचं मनापासून आहे, याबद्दल शंकाच नाही. पण आपलं ठरलेलं, म्हणून ते वरवरचं, हे मला मान्य नाही.

हा क्रम कुणा मिशनरी साहेबाच्या डोक्यातून निघालेला नाही. इसवी सन 155 च्या सुमारास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती विद्वानानं रोमन सम्राट अँटोनायनस पायसला निवेदन लिहिलं. त्यात रविवारच्या उपासनेचं वर्णन आहे. गावातले, शहरातले सगळे एकत्र जमत. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचले जात, मग प्रमुखाचा उपदेश, मग सगळे उभे राहून प्रार्थना करत. भाकर आणि द्राक्षारस येई, लोक 'आमेन' म्हणत. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी वाटा पोचवला जाई. दान अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांच्यासाठी असे. आपल्या दानार्पणाकडे या नजरेनं बघ. आणि रविवारच का, तर प्रभू त्या दिवशी उठला म्हणून.

पाठही नेमलेले असतात ते बरंच आहे. पाळकांना आपल्या आवडीचेच उतारे वाचून भागत नाही. अवघड वचनंही मंडळीसमोर येतात.

आता आतलं सांगते. आई गेली तेव्हा तू लहान होतीस. कितीतरी रविवार मला स्वतःची एकही प्रार्थना सुचली नाही. पाठ होतं तेवढंच तोंडातून येई, आणि शब्द अडला की शेजारच्या बायकांचे आवाज मला पुढे नेत. सगळं मनावर सोडलं असतं, तर त्या दिवसांत माझी उपासना झालीच नसती. आजीला आता अक्षरं दिसत नाहीत, तरी एका शब्दालाही ती अडत नाही. मंचावर चांगलं बोलता येणाऱ्यांइतकाच तिचाही उपासनेत वाटा आहे, तो या पाठ असलेल्या शब्दांमुळे.

पण जुनं ते सगळं जसंच्या तसं राहावं, असं मी म्हणत नाही हं. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग, भजनं रचली आणि आपल्या मातीतल्या चाली चर्चमध्ये घुमल्या. आज 'उपासना संगीत' उघडलं की त्यांचीच गीतं हाती लागतात. पेटी आणि टाळ नसले तर आजीला उपासना झाल्यासारखीच वाटत नाही. म्हणजे वाद्यं बदलू शकतात, चाली बदलू शकतात. पापांगीकार, वचन आणि प्रभुभोजन मात्र राहिलंच पाहिजे.

तुला गिटार छान येते. येत्या रविवारी उपासना सुटल्यावर पाळकांना भेट आणि टिळकांच्या एखाद्या भजनाला साथ करू का, असं विचार. मी येते तुझ्याबरोबर.